विंच, तार आणि पिवळी मूठ

ग्लायडरला इंजिन नसतं. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंच हे यंत्र लांबलचक तार वेगानं गुंडाळतं आणि तिच्या ओढीनं ग्लायडर काही सेकंदांत जमीन सोडतो. खरा धोका याच सेकंदांत. वेग कमी असताना पंख कलून गवतात अडकला, की ग्लायडर गर्रकन फिरतो, प्रसंगी उलटतो. तेव्हा सावरत बसणं घातक. तार सोडणारी पिवळी मूठ तत्क्षणी ओढायची. म्हणूनच डावा हात सुरुवातीपासून तिच्यापाशी ठेवायला शिकवतात. ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशननं २००५ साली विंच-उड्डाणाच्या सुरक्षेची मोहीम हाती घेतली आणि गंभीर अपघात खरोखर घटले.

अनोळखी ग्लायडरमध्ये मात्र सरावलेला हातही चुकतो. उंची कमी करणाऱ्या एअरब्रेकची मूठ निळी, हे ठरलेलं. पण तिची नेमकी जागा बनावटीनुसार बदलू शकते. पंखाचा आकार बदलणाऱ्या फ्लॅपऐवजी एअरब्रेक ओढला, तर चढणारा ग्लायडर खाली येऊ शकतो. म्हणून आधी जमिनीवरच पंधरा मिनिटं कॉकपिटमध्ये बसावं आणि डोळे मिटून प्रत्येक मूठ चाचपावी. माझ्या मते ही पंधरा मिनिटं कुणीही, कितीही अनुभवी असो, टाळू नयेत. मग मॅन्युअल वाचणं, प्रशिक्षकाशी बोलणं, आणि पहिलं उड्डाण वारा शांत असताना.