हाती उरलेले

१७९८ साली सरफोजीराजे भोसले तंजावरच्या गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षी तहाने राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला. राजांकडे किल्ला, मानमरातब व तनखा एवढेच उरले.

गेल्याचा शोक करीत आयुष्य घालविणे सोपे होते. राजांनी उरलेल्याचा विनियोग केला. सरस्वती महालात अनेक भाषांतील ग्रंथ जमविले, देवनागरी छापखाना चालविला, नेत्ररोग्यांच्या उपचारांच्या सचित्र नोंदी ठेवविल्या. १८३२ साली राजे निवर्तले. १८५५ साली संस्थानही खालसा झाले. ग्रंथालय मात्र आजही वाचकांना उघडे आहे.

पालकहो, मुलाच्या हातून एखादी परीक्षा, एखादी संधी निसटेल. तेव्हा ‘काय गेले?’ याच्या पाठोपाठ ‘काय उरले?’ हेही त्याला विचारावे. समाधानाचा आरंभ त्या दुसऱ्या प्रश्नापाशी होतो.