शंखांतील बिऱ्हाड



तापीचें पाणी खानदेश ओलांडून सुरतेजवळ समुद्रास मिळतें. पण समुद्र जळगांव-धुळ्यास येतो, तो सुटीहून परतणाऱ्या मुलांच्या पिशव्यांतूनच. हर्णै किंवा गणपतीपुळ्याहून आणलेले शंख कांहीं दिवस फडताळावर मिरवतात. आतां कांहीं घरीं शंखांत राहणारे जमिनीवरील खेकडे कांचेच्या पेटींत हौसेनें पाळतात, आणि हे शंख त्यांना द्यावेत असें मुलांना वाटतें. तें कसें करावें, हा आजचा विषय.

या खेकड्याचें पुढील अंग कठीण, पण पोट मऊ व वळलेलें असतें. शंख घडविण्याची शक्ति त्याला नाहीं. मेलेल्या शंखजीवाचें रिकामें घर तो पांघरतो. अंग वाढलें कीं त्याला मोठें घर शोधावें लागतें. कित्येकदां हे खेकडे आकाराच्या क्रमानें रांग लावतात. मोठ्यानें घर बदललें कीं त्याचें सोडलेलें घर मागच्यास मिळतें, त्याचें त्याच्या मागच्यास. तेव्हां एक शंख उचलला तर ही सारी रांग अडते. शंख न मिळाल्यानें बाटलीच्या टोपणांत शिरलेले खेकडेहि किनाऱ्यांवर आढळतात.

म्हणून शंख किनाऱ्यावरच पारखावा. तो ओल्या वाळूवर ठेवून थोडा वेळ स्वस्थ बसावें. आंत कोणी असल्यास तो हळूच डोकावेल; मग शंख जेथल्या तेथें ठेवावा. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें कांहीं जातींच्या शंखांना संरक्षण दिलेलें आहे, हेंहि ध्यानांत असावें.

जो शंख घरांत आधींच रिकामा पडला आहे, तो असा स्वच्छ करावा. वाळू झटकून तो रात्रभर साध्या पाण्यांत भिजवावा. नंतर जुन्या पातेल्यांत थंड पाण्यासह चुलीवर ठेवून दहा मिनिटें उकळावा, व त्याच पाण्यांत निवूं द्यावा. तापलेल्या शंखावर गार पाणी ओतल्यास तो तडकतो. शिवाय वेटोळ्यांत उकळतें पाणी अडकून राहतें, म्हणून हें काम वडील माणसानेंच करावें. आंतील घाण वांकड्या तारेनें काढून शंख अनेकदां धुवावा, तोंड खालीं करून निथळावा व उन्हांत वाळवावा. वास राहिला तर पुन्हा उकळावा.

साबण किंवा व्हिनेगर वापरूं नये. शंख चुन्याचा असतो, आणि आम्ल चुन्याला खातें. चुनखडीवर आम्ल टाकतांच बुडबुडे येतात. रंग किंवा रोगणहि लावूं नये. त्याचे पोपडे खेकड्याच्या पोटांत जातात. फुटका शंख टाकून द्यावा. खेकड्याच्या चालूं घराहून किंचित् मोठ्या तोंडाचे तीन-चार शंख पेटींत ठेवावे, आणि निवड त्याच्यावर सोंपवावी.

एवढें करूनहि एक गोष्ट उरते. हा खेकडा कल्ल्यांनीं श्वास घेतो, आणि ते ओले राहिले तरच तो जगतो. आपल्याकडे वैशाखांत पारा ४४ अंशांवर जातो, हवा कोरडी ठणठणीत होते. ओली वाळू, झांकलेली पेटी, गोड्या व खाऱ्या पाण्याच्या दोन वाट्या, ही व्यवस्था रोज पाळणें ज्यांना शक्य नसेल, त्यांनीं खेकडा मुळींच पाळूं नये. आणि किनाऱ्यावरील शंख किनाऱ्यावरच राहूं द्यावे. तेथें त्यांची वाट पाहणारी रांग उभी आहे.