रानपिंगळा सापडला म्हणून माणसं हलवायची का?

(माहूर येथील बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने केलेले भाषण. बोलले तसेच ठेवले आहे.)



पैनगंगेच्या दोन्ही काठांची गावं आज इथं आली आहेत. गोंड, कोलाम, आंध, प्रधान, सगळे आहेत. दावे, पट्टे, मोजणी यावर आधीच्या साथींनी बोलून झालं. मला एका पाखरावर बोलायचं आहे. हसू नका. असलं पाखरू आपल्या पट्ट्याच्या आड येऊ शकतं, आणि आपण हुशारीनं वागलो तर आपली साक्षही देऊ शकतं.

पाखराचं नाव रानपिंगळा. साधा पिंगळा आपल्याला माहीत आहे, तिन्हीसांजेला गावाजवळच्या झाडावर ओरडतो तो. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ दिसतच नाहीत. अन् हा दिवसाउजेडी उघड्या फांदीवर बसून सरडे-उंदीर धरतो. घर करतो जुन्या झाडाच्या ढोलीत, सागाच्या मोकळ्या रानात.

1872 साली ब्लेविट नावाच्या गोर्‍या माणसानं आताच्या छत्तीसगडच्या बाजूला हा पक्षी पहिल्यांदा मिळवला. दुसर्‍या वर्षी ह्यूम साहेबानं त्याची नोंद केली, नावही ब्लेविटचंच दिलं. (हाच ह्यूम पुढं काँग्रेस काढणार्‍यांत होता.) 1884 ला खानदेशात शेवटचा मिळाला, मग 113 वर्षं पत्ता नाही. संपला असेल असंच लोक धरून चालले होते.

मध्ये एक भानगड झाली ती ऐका. माइनर्ट्‌झहागेन नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकार्‍यानं सांगितलं की मी 1914 ला गुजरातेत मांडवीजवळ हा पक्षी मारला. लोक त्या कागदावर विश्वास ठेवून तिकडं शोधत फिरले. नंतर उघड झालं की त्यानं संग्रहालयातला खानदेशचाच जुना पक्षी चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती! साहेबाच्या हातचा कागदही खोटा निघू शकतो. सातबारा बघून बघून आपल्याला ते शिकवायची गरज नाही.

शेवटी पामेला रासमुसेन नावाच्या अमेरिकन बाईंनी ती चोरी ओळखली. त्या आणि त्यांचे दोन सोबती नोव्हेंबर 1997 मध्ये जुन्या खर्‍या नोंदींच्या मागं निघाले, आणि शहाद्याजवळच्या रानात त्यांना रानपिंगळा दिसला. दिवसाढवळ्या, झाडावर बसलेला. पुढं तोरणमाळ, मेळघाट इथंही सापडला.

शहादा म्हणलं की आपल्याला श्रमिक संघटना आठवते, अंबरसिंग महाराज आठवतात. 1970 च्या दशकात तिथल्या भिल्ल-पावरा लोकांनी जमिनीसाठी लढा केला. म्हणजे पाखरू हरवलं होतं त्या मुलखात माणसं होती, रोज रानात जात होती. जगानं ते ‘पुन्हा शोधलं’. तिथल्या गुराख्याला आधी कुणी विचारलं असतं तर? मला बाईंच्या कामाचा राग नाही, उलट कौतुक आहे. एका चिठ्ठीचा खोटेपणा इतक्या चिकाटीनं कोण शोधतं!

दुखणं पुढं आहे. अभ्यास झाले, धोके लिहिले गेले: झाडतोड, वणवा, आणि ‘अतिक्रमण’. आता तळोद्याचं बघा. तिथलं हजारो एकर जंगल सरकारनंच मोकळं केलं, कारण सरदार सरोवरात बुडालेल्या आदिवासींना वसवायला जागा हवी होती. धरण सरकारचं, हुकूम सरकारचा. मग नुसता ‘अतिक्रमण’ शब्द लिहिला तर बोट कुणाकडं जातं? कसणार्‍याकडं.

उद्या आपल्या अभयारण्यातही कुणाला असं दुर्मीळ काही सापडेल. सापडावंच. पण त्या दिवशी कुणी म्हणलं की आता गाव हलवा, तर काय सांगायचं ते नीट ऐका. 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 4(2) सांगतं की आधी त्या जागेवरचे सगळ्यांचे हक्क मान्य करण्याचं काम पूर्ण पाहिजे. माणसांमुळं त्या प्राण्याचं कधी भरून न येणारं नुकसान होतं, हे दाखवलं पाहिजे. माणूस आणि प्राणी सोबत राहूच शकत नाहीत, हे ठरलं पाहिजे. अन् ग्रामसभेची लेखी संमती पाहिजे, धाक-दपटशाशिवाय. ‘इथं दुर्मीळ पाखरू आहे’ एवढं वाक्य पुरत नाही.

आपल्यालाही मात्र सुटका नाही. कलम 5 नं रानाची, प्राण्यांची राखण ग्रामसभेवर टाकली आहे. ढोलीचं जुनं झाड जळणासाठी पाडलं तर पिंगळा जाईल कुठं? अन् घुबड-पिंगळ्याला मंत्रतंत्रासाठी मारणं आपल्यातही चालतं. हे बंद करा. मी हे गावात बोललो तर म्हातारे रागावतात, तरी बोलतो.

केरळातल्या काणी आदिवासींचंही सांगतो. 1987 मध्ये शास्त्रज्ञांना डोंगर दाखवताना ते एक रानफळ खाऊन न थकता चालत होते. त्यांनीच मग ती वनस्पती दाखवली. तिच्यापासून ‘जीवनी’ नावाचं औषध झालं, आणि मिळणार्‍या पैशातला अर्धा वाटा काणींचा ठरला. पण ती पानं तोडायची परवानगी वनखात्याकडून मिळेना! ज्ञान आपलं असलं तरी रानावर हक्क नसेल तर असं होतं. आपल्या कायद्याच्या कलम 3 मध्ये जैवविविधता आणि पारंपरिक ज्ञानावर गावाचा हक्क लिहिला आहे, तो दाव्यात मागायला विसरू नका. नुसतं वावर मागून थांबू नका.

म्हणून दोन कामं घेऊन जा. कुणी अभ्यासाला आलं तर चहा पाजा, पण काय शोधता, कुठं छापणार, आम्हाला मराठीत प्रत कधी देणार, हे ग्रामसभेत लिहून घ्या. अन् 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीत समिती आणि नोंदवही असायला हवी. आहे का, विचारा. नसेल तर साधी शंभर पानी वही आणा. मोह, चारोळी, बिब्बा, धावडा कुठं किती, कोणतं पाखरू कोणत्या महिन्यात, आधी होतं अन् आता दिसत नाही ते काय, सगळं लिहा. नाव आपल्या बोलीतलं लिहा, गोंडी, कोलामी, जे असेल ते. सांगणार्‍याचं नाव, तारीख, शिवाराचं नाव टाका. औषधाची कृती मात्र लिहू नका, कोणती वनस्पती एवढंच पुरे. सही येत नसेल तर अंगठा चालतो. पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या.