अंगणातील कडुनिंब



आपल्या कार्यालयाच्या अंगणातील कडुनिंब मोटारींच्या सोयीसाठी तोडावा, अशी सूचना आली आहे. तीस आमचा नम्र विरोध आहे.

शिक्षकी पेशात आम्ही मुलांस वृक्षप्रेमाचे धडे दिले. परंतु शाळेच्याच आवारातील पिंपळ पाडला गेला तेव्हा मौन पाळले. ती खंत अद्याप जाचते.

शहरातील वृक्ष परवानगीवाचून तोडण्यास महाराष्ट्राचा १९७५ चा कायदा प्रतिबंध करतो. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा अधिक वयाच्या वृक्षास वारसावृक्ष मानले आहे. आपला निंब त्याहून जुना आहे.

बुंध्याभोवतीची फरशी काढावी, म्हणजे मुळांस हवापाणी मिळेल. मोटारी रस्त्यापलीकडेही उभ्या राहतील. ज्या सावलीत आपल्या पंगती बसल्या, ती मात्र एकदा गेली की दोन पिढ्या परतणार नाही.