डोळ्यांचा नंबर
(पेण इथं युवक-कामगारांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला बोलायला बोलावलं तेव्हा वाटलं, कविता वाचायच्या असतील. खिशात दोन आहेत. त्या खिशातच राहू देत. आज मी डोळ्यांवर बोलणार आहे. कवी लोक डोळ्यांत अंगार पेटवतात, मीही पेटवलाय, त्या डोळ्यांवर नाही. ज्यांत धूळ जाते, जे चोळून चोळून लाल होतात, ज्यांना नंबर लागतो, त्या डोळ्यांवर. दिवा-रोहा गाडीनं आलेल्या मुंबईच्या मित्रांना वाटेल, हा काय दवाखान्याचा विषय काढला. ऐकून घ्या, मग ठरवा.

हे पेण आहे. इथं देवाला डोळे देतात. पेण शहरात, हमरापुरात, जोह्यात वर्षभर गणपती घडतात. कारखान्यात आखणीवाल्याचा मान मोठा, कारण तो डोळे आखतो. त्याच शेडच्या मागच्या अंगाला पोरं आणि बाया पॉलिशपेपरनं मूर्ती घासत बसतात. प्लॅस्टरची पांढरी भुकटी त्यांच्या पापण्यांवर बसते. देवाच्या डोळ्याला बारीक ब्रश, आणि घासणारीच्या डोळ्याला पदराचं टोक.

जरा पुढं चला. धरमतरच्या खाडीत बार्ज लागतात. कोळसा, लोखंडाचं खनिज, चुनखडी, सगळं उडणारं. रोह्याला धाटावची केमिकलची एमआयडीसी. दिवाळी झाली की वीटभट्ट्या पेटतात, तिथं कातकरी कुटुंबंच्या कुटुंबं मातीत. मिठागरात मिठाची चकाकी. २०११ साली पळस्पे ते इंदापूर रस्त्याचं रुंदीकरण सुरू झालं, तेव्हापासून वर्षानुवर्षं त्या धुळीत खडी टाकणारा कोण? आणि भात झोडताना डोळ्यात कूस जातं ते कोणाच्या? खातेदाराच्या कमी, मजुराच्या जास्त. जात जशी कामं वाटते तशी धूळही वाटते.

आता माझी गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, म्हणूनच सांगतो.

मॅट्रिकला असतानाच मला फळ्यावरचं दिसेना. तपासलं, लांबचा नंबर निघाला. चष्मा केला. पुढं मालवाहू धक्क्यावर कामाला लागलो. पहिल्याच दिवशी मुकादम म्हणाला, “ए बॅरिस्टर, चष्मा घरी ठेवून ये. चष्मेवाल्याला मी खाली उतरवत नाही.” खाली म्हणजे बार्जच्या पोटात. खाली उतरलो नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर चूल नाही. टोळीतली पोरंही हसली. दुसऱ्या दिवसापासून मी चष्मा खिशात घातला आणि डोळे बारीक करून काम करू लागलो.

एक दिवस तळाचा कोळसा फावड्यानं ओढत होतो. वर काठावर सिग्नलवाला उभा, त्याच्या पाठीमागं ऊन. त्यानं हात केला. मला वाटलं, ग्रॅब थांबलाय. मी शेजारच्या भावाला म्हणालो, “चल, ओढ.” ग्रॅब थांबला नव्हता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. कागदावर लिहिलं गेलं, कामगाराच्या निष्काळजीपणामुळं. तो भाऊ आजही मला भेटतो, चहा पाजतो, एक शब्द बोलत नाही. मी त्याच्या हाताकडं बघत नाही.

तो निष्काळजीपणा कोणाचा? माझा होता, मी नाकारत नाही. चष्मा माझ्या खिशात होता. पण तो खिशात कोणी घालायला लावला?

“ए बॅरिस्टर”, ही शिवी नीट ऐका. चष्मा म्हणजे वाचणाऱ्याचा, साहेबाचा. हमालानं चष्मा घातला की त्यांना खुपतं. आपल्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, त्यातला चष्मा कोणाला खुपत नाही, आपण त्याला हार घालतो. आणि आपल्याच पोरानं कामावर चष्मा लावला तर आपणच हसतो? हे पहिलं बंद करा.

दुसरं म्हणजे शहाणपणानं निवडा. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांना विचारून, वाचून आणि मार खाऊन जे शिकलो ते सांगतो.

आधी तपासणी. चाळिशीच्या आसपास जवळचं धूसर होतं, सगळ्यांचं होतं. आई सुईत दोरा ओवायला पोराला हाक मारते, तांदळातला खडा तिला दिसत नाही, आणि आपण म्हणतो, म्हातारी झाली. म्हातारी नाही झाली, तिला चष्मा पाहिजे. लांबचा नंबर वेगळा, जवळचा वेगळा. बाजारातला तयार चष्मा जवळच्या कामाला तात्पुरता चालतो, पण लांबचं दिसत नसेल, दोन डोळ्यांत फरक असेल तर त्याचा उपयोग नाही. आणि डोळ्यात दुसरं काही दुखणं असेल तर ते बाजारवाला सांगणार नाही.

आता भिंग. काचेच्या भिंगाला ओरखडे कमी पडतात, पण ते जड, आणि खडा लागला तर काच फुटून डोळ्यात. आपल्या कामाला काच नको. साधं प्लॅस्टिक हलकं, पण मार सोसायला कमी. मार सोसतं ते पॉलिकार्बोनेट. त्याला ओरखडे लवकर पडतात, म्हणून वरचा कडक थर मागून घ्या. आणखी एक गुण, पांढरं पॉलिकार्बोनेटही उन्हातले घातक अदृश्य किरण अडवतं. म्हणून मिठागरावर फुटपाथचा काळा गॉगल लावून फुशारकी नको. नुसत्या काळ्या रंगानं बाहुली मोठी होते, आणि किरण अडत नसतील तर ते उलट जास्त आत जातात.

उन्हात आपोआप काळं होणारं भिंग दुकानदार आग्रहानं दाखवतो. उन्हातून बार्जच्या पोटात उतरलात तर ते पांढरं व्हायला काही मिनिटं घेतं. तेवढ्यात ग्रॅब येतो. आमच्या कामाला ते नको. दुहेरी नंबरवाल्यांनी शिडीवर सांभाळा. खाली बघताना वाचायचा भाग समोर येतो आणि पायरी धूसर होते. शिडीला, परातीला नुसत्या लांबच्या नंबराचा चष्मा, वाचायचा खिशात.

पण साधा चष्मा म्हणजे संरक्षण नाही. बाजूनं धूळ आत येतेच. उत्तम म्हणजे आपल्या नंबराचाच सेफ्टी चष्मा, बाजूला आडोसे असलेला, मागं पट्टा. तो नसेल तर आपल्या चष्म्यावर बसणारा मोठा गॉगल. भारतीय मानक आयएस ५९८३ हे डोळ्यांच्या संरक्षक साधनांचं आहे, त्याचा शिक्का बघा. गॉगलला हवेची भोकं सरळ नकोत, आडवळणाची असावीत. सरळ भोकातून बारीक धूळ आत येते, आणि भोकंच नसतील तर कोकणच्या दमट हवेत पाच मिनिटांत वाफ धरते. मग पोरं तो कपाळावर चढवतात. पाहुणे तपासणीला आले की सगळ्यांना एकाच मापाचे गॉगल वाटायचे, हा खेळ आपण पाहिलाय. नंबरवाल्याच्या चष्म्यावर ते बसतच नाहीत. मग म्हणायचं, कामगारच वापरत नाहीत.

कॉन्टॅक्ट लेन्स. शहरातल्या मित्रांना आवडते. धुळीत ती लेन्स आणि बुबुळ यांच्यामध्ये कण धरते. ती घालायला-काढायला साबणानं धुतलेले हात लागतात. धक्क्यावर हात धुवायला काय आहे? खाडी. घाणेरड्या हातांनी जंतू गेला तर बुबुळावर जखम, आणि जखम भरली तरी फूल राहतं. आपल्यासाठी नाही.

लेझर ऑपरेशन. गावात कोणी कर्ज काढून करतोय असं ऐकलं की मला काळजी वाटते. एका पद्धतीत बुबुळाचा वरचा पातळ पापुद्रा झाकणासारखा उचलून परत बसवतात. तो पहिल्यासारखा घट्ट चिकटत नाही, पुढं कधी जोराचा मार बसला तर सरकू शकतो. पापुद्रा न उचलता वरून करायची पद्धतही आहे. तिच्यात दुखतं जास्त, दिसायला दिवस जास्त लागतात, पण ठोसे-मार खाणाऱ्या कामाला ती बरी मानतात. कुठलीही करा, नंबर स्थिर हवा, नंतर काही काळ डोळे कोरडे पडतात, आणि काही आठवडे धूळ चालत नाही. तेवढे दिवस हजेरी कोण देणार? हा हिशेब डॉक्टरच्या पावतीत नसतो. आणि ऑपरेशन झालं तरी चाळिशीचा चष्मा लागतो, धुळीला गॉगल लागतोच.

चार गोष्टी आणखी. भिंग कोरड्या शर्टानं पुसू नका, आधी पाणी सोडा, नाहीतर कोळशाचा कणच भिंग घासतो. डोळ्यात चुना, सिमेंट, केमिकल गेलं तर चोळायचं नाही, जागच्या जागी स्वच्छ पाण्यानं किमान पंधरा-वीस मिनिटं धुवायचं, मग दवाखाना. लोखंडाचा कण काडीनं, रुमालाच्या टोकानं काढायचा नाही. आणि भाताचं कूस गेल्यावर मेडिकलमधून विचारून थेंब आणू नका. कुसानं बुरशीची जखम होते, स्टेरॉइडच्या थेंबानं ती आधी बरी वाटते आणि आतून डोळा खाते.

आता कायद्याचं. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टचं ३५ वं कलम डोळ्यांच्या रक्षणाचंच होतं. १९८६ साली गोदी कामगारांच्या सुरक्षेचा वेगळा कायदा झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही जाऊन २०२० ची सुरक्षा-आरोग्याची संहिता लागू झाली. कायदे आले, गेले, मुकादम तिथंच उभा आहे. तरी संहितेतलं धरून ठेवा. नेमणुकीचं पत्र द्यायचं, आणि ठरवून दिलेल्या कामगारांची वर्षातून एकदा फुकट तपासणी मालकानं करायची, असं तिच्यात आहे. त्या तपासणीत डोळे आले पाहिजेत.

मालक म्हणेल, परवडत नाही. त्याला आसामचं सांगा. तिथल्या चहाच्या मळ्यात चाळिशी ओलांडलेल्या ७५१ कामगारांवर अभ्यास झाला, २०१८ साली छापून आला. जवळचा चष्मा दिलेल्यांची पानं तोडण्याची क्षमता न दिलेल्यांपेक्षा सुमारे २१ टक्क्यांनी जास्त वाढली. बांगलादेशात २०२४ साली छापलेल्या अभ्यासात चष्मा मिळालेल्या गरीब माणसांची कमाई आठ महिन्यांत ३३ टक्क्यांनी जास्त निघाली. मालकाला पहिला आकडा आवडेल. आपल्याला दुसरा. आणि आकडा शून्य निघाला असता तरी आपण मागितलंच असतं, कारण डोळे कामासाठी नाहीत, जगण्यासाठी आहेत. रात्री घरी जाऊन पुस्तक वाचायला आहेत.

आणि एक. हा जुना कुलाबा जिल्हा. याच जिल्ह्यात महाडला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. आज त्याच जिल्ह्यात धक्क्यावरच्या माणसाच्या डोळ्यात चुना गेला तर धुवायला स्वच्छ पाण्याचा नळ कुठं आहे? दरवर्षी महाडला जाता ना, मग ही लढाई पाण्याचीच आहे हे ओळखा. नळ मागा. नंबराचा सेफ्टी चष्मा मालकाच्या खर्चानं मागा. चष्मा लावला म्हणून हजेरी तोडायची नाही, हे लिहून मागा.

आणि मागायच्या आधी आपल्या हातानं होईल ते करा. डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता विहारात टांगा. सहा मीटरवर खडूनं रेघ ओढा. एकेक डोळा झाकून प्रत्येकाला उभं करा, आयांना, पोरांना, हमालांना. न वाचता येणाऱ्यांसाठी तोंड फिरवलेल्या ई चा तक्ता मिळतो. ज्याला दिसलं नाही त्याचं नाव वहीत लिहा आणि त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात जा. एकट्याला पाठवू नका, तो जाणार नाही. मी गेलो नव्हतो.

हा बघा, मी चष्मा लावलाय. उद्या पाळीला असाच जाणार आहे. मुकादम काय म्हणतो बघू. तुमच्यातले चार जण धक्क्याच्या फाटकावर आलात तर त्याला आपल्याशी जरा जपून बोलावं लागेल.

जयभीम.