आपली पाटी, आपल्या हाती



गेल्या वर्षी कर्जासाठी आमच्या बचत गटाला बँकेच्या साहेबांपुढे माहिती मांडायची होती. स्लाइड आम्ही एका मुलाकडून करून घेतल्या. पडद्यावर बघतो तर पापडाची विक्री ४८,००० च्या जागी ४,८००! चूक दिसत होती, पण ती दुरुस्त करणं आम्हा दहाजणींपैकी एकीलाही येत नव्हतं. कर्ज तीन महिने लांबलं.

मग मी शिकायला बसले. स्लाइड म्हणजे पाटीच. पॉवरपॉइंट उघडायचं, चौकटीत क्लिक करून लिहायचं. नवी पाटी हवी तर कंट्रोल दाबून ठेवून एम दाबा. फोटो 'इन्सर्ट'मधून घ्या. मधूनमधून कंट्रोल आणि एस दाबून काम सेव्ह करा. वीज गेली तरी केलेलं वाया जात नाही. दाखवायला एफ ५, पुढे जायला बाणाचं बटण, थांबायला एस्केप. लिबरऑफिस इम्प्रेस तर फुकट मिळतं. त्यातही हीच बटणं चालतात.

एका पाटीवर एकच गोष्ट, चार-पाच ओळी, मोठं अक्षर. बाकीचं तोंडानं सांगा. पाच पाट्या पुरतात: आपण कोण, काम काय, खर्च-विक्री किती, कर्ज किती हवं, फेडणार कसं.

यंदा आकडे आम्हीच भरले. साहेबांनी एक शंका काढली, ती जागेवरच दुरुस्त केली. बायांनो, हिशेब आपला आहे, तर पाटीही आपणच लिहूया.