श्रद्धेचा कस
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



आजचा दिवस आनंदाचा आहे. तापी, गिरणा आणि पांझरा या नद्यांच्या काठांवरून, जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतून आपण येथे जमलो आहोत. कोणाचे वाडवडील आगगाडीच्या नोकरीनिमित्त भुसावळास आले, कोणाचे नगरकडील खेड्यांतून आले, कोणी सातपुड्याच्या पाड्यांवरचे आहेत. १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून नाशिकचा धर्मप्रांत वेगळा झाला, तेव्हापासून खानदेशातील ही विखुरलेली मंडळी एका नव्या घराची लेकरे झाली. संख्येने आपण थोडे आहोत. परंतु परमेश्वराने आपणांस टाकले नाही, हे आजच्या मिस्साबलिदानाच्या वेळी प्रत्येकाच्या अंतःकरणात आले असेल.

महोत्सवाच्या सभेत स्तुतीची भाषणे पुष्कळ होतात आणि ती व्हावीत. मला मात्र थोडे निराळे बोलण्याची आज्ञा झाली आहे. पन्नास वर्षांत आपल्या नोंदवहीत किती नावे चढली, हे सांगणे सोपे आहे. त्या नावांमागे श्रद्धा किती आहे, हे कोणती वही सांगणार? ख्रिस्ती म्हणविणे आणि ख्रिस्ती असणे यांतील अंतर किती, याचा विचार आज आपण मिळून करू.

जळगावच्या सराफ बाजाराची कीर्ती सर्वदूर आहे. लग्नसराईत लांबलांबची मंडळी तेथे येतात. जुन्या पद्धतीचा सराफ सोने कसे पारखतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. दागिन्याच्या झळाळीवर तो भाळत नाही, कारण झळाळी मुलाम्यालाही असते. तो कसोटीचा काळा दगड घेतो, त्यावर दागिना घासून एक रेघ ओढतो, शेजारी माहितीच्या चोख सोन्याची दुसरी रेघ ओढतो, आणि मग त्यांवर तेजाब लावतो. हिणकस रेघ विरून जाते. खरी रेघ टिकते. म्हणूनच अस्सल वस्तूला आपण मराठीत बावनकशी म्हणतो. संत पेत्राने आपल्या पत्रात श्रद्धेची तुलना अग्नीत पारखलेल्या सोन्याशी केली आहे, ती आपल्या प्रांतातील माणसास वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

येथे एक गैरसमज आधीच दूर करतो. ख्रिस्ती हे नाव निरर्थक आहे, असे मी म्हणत नाही. स्नानसंस्काराने आत्म्यावर जी मुद्रा उमटते ती कधीही पुसली जात नाही, ही आपल्या पवित्र ख्रिस्तसभेची शिकवण आहे. ती मुद्रा देवाचे दान आहे. परंतु दानाचा स्वीकार करणे हे आपले काम आहे. बापाने शेत दिले आणि मुलाने ते पडीक ठेवले, तर सातबारा त्याच्या नावाचा राहील, पण पीक येणार नाही. प्रभूने दोन पुत्रांचा दाखला दिला आहे. एकाने बापाला 'जातो' असे म्हटले आणि तो द्राक्षमळ्यात गेलाच नाही. दुसऱ्याने आधी नकार दिला, मग पस्तावला आणि गेला. बापाची इच्छा कोणी पुरी केली, एवढेच प्रभूने विचारले. कोण गोड बोलला, हे त्याने विचारले नाही.

आपल्या महाराष्ट्रातच या विषयाचे एक थोर उदाहरण घडले आहे. पंडिता रमाबाई आपल्या कॅथलिक ऐक्यातील नव्हत्या. परंतु सत्य जेथे सापडेल तेथून घ्यावे. १८५८ साली जन्मलेली ही विदुषी कुमारवयात आईबापांबरोबर तीर्थाटन करीत असता दुष्काळात सापडली, आणि अन्नान्न दशेत तिची माणसे तिच्या डोळ्यांदेखत गेली. पुढे कलकत्त्याच्या पंडितांनी तिचा गौरव केला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे तिने आपल्या चिमुकल्या मुलीसह बाप्तिस्मा घेतला. या निर्णयासाठी तिने केवढी निंदा सोसली! तिच्या श्रद्धेविषयी शंका घेण्यास जागा होती काय? तरीही १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत तिने स्वतःच कबूल केले की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी तिला उमगले, आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नव्हता. बुद्धीला पटले होते, अंतःकरण अद्याप रितेच होते.

बंधुभगिनींनो, शास्त्रांत पारंगत असलेली, धर्मासाठी निंदा सोसलेली स्त्री असे म्हणते, तर पाळण्यात असतानाच ज्यांचा स्नानसंस्कार झाला अशा आपण केवढे सावध असले पाहिजे! आणि त्या उमगण्यानंतर काय घडले, तेही पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात गेली आणि उपासमारीने अस्थिपंजर झालेल्या मुलींना घेऊन आली. केडगावच्या मुक्ती सदनाचा विस्तार त्या अनाथ जीवांसाठी झाला. जी स्वतः दुष्काळात पोळली होती, तिने दुष्काळाकडे पाठ फिरविली नाही. रेघ टिकली ती अशी.

दुष्काळाचा विषय निघाला म्हणून एक जुने शल्यही बोलून टाकतो. आपल्यापैकी पुष्कळांना शाळेत किंवा कचेरीत कधी ना कधी हे ऐकावे लागले असेल की, तुमचे पूर्वज धान्यासाठी ख्रिस्ती झाले. हे ऐकून रक्त तापते. मी म्हणतो, रागावू नका. कोणाचा आजा कशासाठी आला, हे देव जाणतो. समजा, कोणी भुकेपोटीच आला. तर काय झाले? भाकरी खाल्लेला जमाव दुसऱ्या दिवशी प्रभूला शोधीत सरोवराच्या पलीकडे आला, तेव्हा तुम्ही भाकरीसाठी आलात, हे प्रभूने त्यांना स्पष्ट सुनावले; पण ज्यांना त्याने आदल्या दिवशी जेवू घातले, त्यांना पाहून आधी त्याला कळवळा आला होता. भाकरीसाठी येणे हा अपराध नव्हे. जीवनाची भाकर समोर असता भाकरीपाशीच थांबणे, ही हानी आहे. आजा भुकेमुळे आला असेल. नातवाचे पोट भरलेले आहे. तेव्हा तो कशासाठी येथे आहे, हा प्रश्न आजोबांना नव्हे, नातवाला विचारावा लागेल.

आता कसोटीचा दगड कोणता, ते पाहू. श्रद्धेची कसोटी केवळ भावनेत नाही. प्रार्थनेत डोळे भरून आले म्हणजे श्रद्धा मोठी आणि मन कोरडे राहिले म्हणजे श्रद्धा नाही, असे समजू नका. कलकत्त्याच्या संत तेरेजा यांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की, कित्येक दशके त्यांच्या अंतःकरणात देवाच्या सान्निध्याची जाणीवच नव्हती. केवळ अंधार होता. तरीही रोज पहाटे उठून त्या पवित्र साक्रामेंतापुढे गुडघे टेकीत, आणि मग रस्त्यावर पडलेल्या मरणोन्मुखाला उचलीत. त्यांना गोडी मिळत नव्हती, तरी त्यांनी शब्द पाळला. याला श्रद्धा म्हणतात.

कसोटी उत्सवांतही नाही. उत्सव हवेत, वेदी सजविली पाहिजे, गायनही उत्तम झाले पाहिजे. परंतु ही झळाळी आहे. तेजाब लागते ते अन्यत्र: आपणांस कोणी दुखविले तेव्हा, आपल्या हाती दुसऱ्याची मजुरी असते तेव्हा, आणि घरात सोयरीक ठरते तेव्हा.

दुखविल्याची गोष्ट ऐका. आपल्या सातपुड्यापलीकडे, नर्मदा ओलांडल्यावर, देवास जिल्ह्यात उदयनगर नावाचे गाव आहे. केरळातून आलेल्या धर्मभगिनी राणी मरिया तेथे गोरगरीब आदिवासींना सावकारी पाशातून सोडविण्याचे काम करीत. ज्यांच्या हितसंबंधांस धक्का बसला त्यांना ते सोसले नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमधून प्रवास करीत असताना समंदरसिंग नावाच्या माणसाने त्यांची हत्या केली. पुढे त्यांच्या सख्ख्या भगिनी, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्या मारेकऱ्याच्या मनगटावर राखी बांधली. त्यांच्या कुटुंबाने त्याला क्षमा केली. २००६ साली तो सुटला, त्यांच्या घरी गेला, आणि त्या मातेने आपल्या लेकीचा घात करणाऱ्या त्या हातांचे चुंबन घेतले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मरिया यांना धन्यवादित म्हणून घोषित करण्यात आले. आणि आपण? बांधाच्या दोन हातांसाठी सख्ख्या भावाशी बोलत नाही, आणि त्याच रांगेत उभे राहून ख्रिस्तप्रसाद स्वीकारतो.

सोयरिकीचे सांगतो. पूज्य साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. त्यांचे नाव खानदेशात कोणाला ठाऊक नाही? पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी उपोषण आरंभिले. आपले प्राण पणाला लावून एक हिंदू गृहस्थ देवाच्या दारी सर्वांना समान जागा मागतो. आणि एकाच ख्रिस्तप्रसादाचे वाटेकरी असलेले आपण मुलीचे स्थळ पाहताना, मूळची जात कोणती, असे हळूच विचारतो! हा प्रश्न ज्या घरात विचारला जातो, तेथे भिंतीवर क्रूस टांगलेला असतो, हे विसरू नका.

राहिली मजुरीची गोष्ट, आणि येथे मला दुसऱ्या कोणाचे नाव घेण्याची गरज नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी एक बाई धुण्याभांड्याला येत असे. तिचे मूल आजारी पडले आणि ती चार दिवस आली नाही. महिनाअखेरीस मी हिशेब काटेकोर केला आणि चार दिवसांचे पैसे कापले. ऑक्टोबर महिना होता, जपमाळेचा महिना. संध्याकाळी आम्ही सर्व घरात जपमाळ म्हणत होतो, तेव्हा ती पैशांविषयी बोलण्यासाठी दाराशी आली. मी खुणेने तिला थांब म्हटले. ती आपल्या अहिराणीत म्हणाली, "तुमनी पूजा हुई जाऊ द्या, मंग मी येसू." आणि ती निघून गेली. 'येसू' म्हणजे 'येईन', हे खानदेशी माणसास सांगावयास नको. पण तो शब्द त्या वेळी माझ्या कानांत निराळाच घुमला. मी जपमाळ पुरी केली. ती पुन्हा आली नाही. पैसे घेऊन मी तिच्या वस्तीत गेलो तेव्हा कळले की, ते कुटुंब ऊसतोडीला निघून गेले. ते पैसे मी दुसऱ्या गरजूला दिले; पण ज्याचे देणे होते त्याला दिले नाही, हे मला ठाऊक आहे. लहानांतल्या लहानासाठी जे केले ते माझ्यासाठी केले, असे प्रभूने सांगून ठेवले आहे. तो माझ्या दाराशी येऊन गेला आणि मी आत त्याचीच प्रार्थना करीत होतो.

म्हणून शेवटची विनंती. कसोटीचा हा दगड शेजाऱ्याच्या दागिन्यावर घासू नका. शेतातील गहू आणि निदण निवडण्याचे काम धन्याने आपल्याकडे ठेवले आहे. अमका मिस्साला येत नाही, तमकीची श्रद्धा कच्ची, हे ठरविण्याचा अधिकार आपणांस नाही. ज्याने त्याने आपलेच सोने घासून पाहावे. आणि रेघ फिकी निघाली, तर निराश होऊ नये. संत पेत्राने एका रात्रीत तीनदा प्रभूला नाकारले. तरी त्यालाच प्रभूने कळप सोपविला, कारण तो रडला आणि परत आला. सराफ हिणकस सोने फेकून देत नाही. तो ते मुशीत घालतो. पापनिवेदनाचा साक्रामेंत हीच आपली मूस आहे.

या महोत्सवानिमित्त वर्गणी निघाली, मंदिराला रंग लागला, ही स्मरणिका निघाली. प्रत्येक कुटुंबाने आणखी एक गोष्ट करावी, अशी माझी प्रार्थना आहे. पुढील रविवारी ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी एका माणसाचे देणे द्यावे. ते पैशाचे असो, क्षमेचे असो, की अबोला सोडण्याचे असो. ज्याचे त्यालाच द्यावे, आणि वेळेवर द्यावे. माझ्यासारखा उशीर कोणी करू नये.

पवित्र मरिया, जिने देवाला होकार दिला आणि तो क्रूसाच्या पायथ्याशी उभी राहून पाळला, ती आपणांसाठी विनंती करो. आमेन.